बडग्याचा कबुलीजबाब

टीव्हीवरच्या गुन्हेगारांचा मला मनापासून राग येतो. ते खून करतात म्हणून नव्हे. तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे. राग येतो तो ते किती लवकर कबूल करतात याचा. एखादा माणूस डोकं लावून शेटजींचा काटा काढतो, ठसे पुसतो, नोकराच्या खोलीत सुरा लपवतो, एवढी सगळी मेहनत करतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत इन्स्पेक्टरसाहेबांनी नुसता काळा चष्मा काढून "सांगतोस, की मी सांगू?" म्हटलं की हा गडी ढसाढसा रडत "होय, मीच मारलं!" म्हणून मोकळा. लगेच संगीत, लगेच नावं, लगेच बातम्या. वकील नाही, कोर्ट नाही, तारीख तर नाहीच नाही. हे असलं लिहिणारा लेखक मला नागपूरच्या इतवारीच्या गर्दीत कुठे सापडला, तर मी त्याला भर रस्त्यात उभा करून विचारणार आहे, की बाबा रे, तू आयुष्यात एकदा तरी पोलीस चौकीत गेला आहेस का?

मी गेलो आहे. का गेलो, ते सांगतो.

शहाऐंशी साली आमच्या घरी टीव्ही आला. आमची गल्ली सक्करदऱ्याकडची, सगळी विणकरांची. माझे वडील हातमागावर लुगडी विणत, मी मात्र शिकून सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत बडेबाबू झालो. गल्लीत अजून माग चालवणारी घरं थोडीच उरली होती, पण टीव्ही पाहायला मात्र सगळी गल्ली होती. आठवड्यातून एकदा ती तपासाची मालिका लागे आणि आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा राहत नसे. लोक नुसते बघत. मी शिकत होतो. सुशिक्षित आणि अशिक्षित माणसात हाच फरक असतो.

इन्स्पेक्टरसाहेबांची पद्धत मला पटली होती. सगळ्यांना एका खोलीत जमवायचं, दिवा मालवायचा, झोत तोंडावर मारायचा आणि शांतपणे विचारायचं. घरात गूळ वेळेआधी संपला, नळ चालू राहिला, दुधावरची साय नाहीशी झाली, की मी सगळ्यांना भिंतीशी रांगेत उभं करी आणि टॉर्च एकेकाच्या तोंडावर नेई. साय प्रकरणात आमची धाकटी पोर रडू लागली, तेव्हा मला यशाची खात्री पटली. पुढे ती साय माझ्याच आईने देवाच्या नैवेद्याला काढलेली निघाली, ही गोष्ट वेगळी. पद्धतीत खोट नव्हती. शेजाऱ्यांच्या घरीही काही हरवलं तर मी आपण होऊन टॉर्च घेऊन जात असे. बोलावणं येण्याची वाट पाहत बसणं मला आवडत नाही.

आता मारबतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला भलामोठा पुतळा, निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्यामागे बडगे. बडग्या म्हणजे वर्षभर ज्याने लोकांना छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा. महागाईचा बडग्या असतो, डासांचा असतो, पूल खाणाऱ्या कंत्राटदाराचा असतो. "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" अशी आरोळी ठोकत त्यांना मिरवतात आणि वस्तीबाहेर नेऊन जाळतात. फार चांगली प्रथा आहे. निदान त्या दिवसापर्यंत माझं तसं मत होतं.

त्या वर्षी मी ओट्यावर चहाची बशी हातात घेऊन उभा होतो. गल्लीतून आमच्या मोहल्ल्याचा बडग्या आला. आधी मला सफारी दिसला. राखाडी सफारी, डाव्या खिशाला शाईचा डाग. तो डाग मी ओळखतो. तो मीच पाडला आहे. सफारीच्या वर माझ्यासारखाच चष्मा होता, पोटाला पुठ्ठ्याचा टीव्ही बांधला होता आणि हातात टॉर्च होता. गळ्यातल्या पाटीवर लिहिलं होतं, "घरोघरी कबुली मागणाऱ्या साहेबाले घेऊन जा गे मारबत!"

ज्या पोरांना मी माझ्या टीव्हीवर, माझ्या सतरंजीवर बसवलं, ती पोरं नाचत होती. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या पुतळ्यामागून मलेरियाचा बडग्या आला, त्याच्यावर लोक एवढे चिडलेले दिसले नाहीत. माणूस मारणारा मलेरिया परवडला, पण मी, विश्वनाथबाबू, नको! चहा माझ्या पायावर सांडला तरी मला कळलं नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे गुलाबचंद गांधीबागेत कापडाचं दुकान चालवतात. ते म्हणाले, "अरे भाऊ, हसून टाका ना! आमच्या लाईनीत कोणाचा बडग्या निघाला तर तो पेढे वाटते. फोकटची जाहिरात आहे!" मी म्हटलं, मी कापड विकत नाही. माझे साडभाऊ, म्हणजे साडू, चंपतराव वकील आहेत. त्यांना मी अब्रूनुकसानीबद्दल विचारलं. ते पान चघळत म्हणाले, "करता येते. पण पयले अब्रू होती हे शाबीत करा लागते. त्याले साक्षीदार कोण आणता?" साडभाऊ हे नातं कोणी निर्माण केलं याचाही एकदा तपास व्हायला हवा. माझी पत्नी पुष्पलता एरवी प्रत्येक गोष्टीत बोलते, पण या प्रकरणात ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दुःखाने.

शेवटी मी माझ्या मार्गाने जायचं ठरवलं. मालिकेच्या दिवशी नेहमीप्रमाणे गल्ली जमली. मालिका संपली, नावं सरकू लागली आणि मी दार लावून दिवा मालवला.

"कोणीही जागचं हलायचं नाही," मी म्हणालो. "तुमच्यातलाच एक जण गुन्हेगार आहे."

"बातम्या नाही पाहाच्या का मंग?" कोणीतरी मागून विचारलं.

मी टॉर्च लावला. गुलाबचंदांच्या डोळ्यांत झोत गेला आणि ते शिंकले. शिंक हा पुरावा धरावा की नाही, या विचारात मी होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून धोंडबा उठले. धोंडबा म्हणजे आमच्या समोरच्या घरातले म्हातारे विणकर. माझ्या वडिलांच्या बरोबरीने माग चालवलेला माणूस, गल्लीतल्या सगळ्यांचा मामा. डोक्यावरची टोपी काढून हात जोडून ते म्हणाले, "चूक माही झाली, भाऊ. राग सोडून द्या."

रुख्माबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, न सांगता तांब्याभर पाणी आणलं. धोंडबांनी घोटभर पाणी पिऊन तांब्या माझ्यापुढे धरला.

हे काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगतो. माग घरोघरी होते त्या काळी ताणा गल्लीत बांधत. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सूत ताणायचं, त्याला खळ लावायची, आणि हे काम एका घराच्या हातांनी होत नाही. चार घरं लागतात. भांडण झालं की ताणा अडला, ताणा अडला की चूल अडली. म्हणून पंच बसले की "खरी चूक कोणाची" हे कोणी खणत बसत नसे. कोणीतरी मोठा माणूस उठून "माही" म्हणे, दोघं एका तांब्याचं पाणी पीत आणि सकाळी ताणा चालू. ज्याने "माही" म्हटलं त्याला कोणी चोर म्हणत नसे. उलट त्याला मान असे. म्हणजे आमच्याकडे कबुली हा भांडणाचा शेवट होता.

मी पाणी प्यालो. पण माझं समाधान झालं नाही. टीव्हीवर गुन्हेगार कसं केलं, का केलं, सुरा कुठून आणला, सगळं सांगतो. मी विचारलं, "माझा सफारी तुम्ही कुठून घेतला?" धोंडबा म्हणाले, "घेतला जी कुठून तरी." "का घेतला?" "चूकच झाली म्हणतो ना." हा काय कबुलीजबाब झाला? आणि लोक बाहेर पडले न पडले तोच अंधारातून एक आरोळी आली, "घेऊन जा गे मारबत!" आणि गल्लीभर खसखस पिकली. माझ्या घराच्या दारात. माझाच टीव्ही पाहून.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाण्याआधी मी चौकीत गेलो. कोणती चौकी ते सांगत नाही, सगळ्या चौक्यांमध्ये टेबल तेच असतं. हवालदार बाबनराव टेबलावर पाय ठेवून दाढ कोरत बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"बडग्याले कलम नाही जी," ते म्हणाले. "आमच्या ठाणेदाराचा बी बडग्या निघते. आम्हीच बंदोबस्ताले राहतो."

"पण माझी बदनामी झाली!"

"ते झाली असंन. पण चोरीले काही गेलं का? असं काही सांगा का मले लिवता येईन."

मी म्हणालो, सफारी. बाबनरावांचे पाय टेबलावरून खाली आले. त्यांनी कागद ओढला, "वाळत घातलेला सफारी चोरून नेला" असं लिहिलं आणि सही घेतली. मी त्यांना दोनदा बजावलं, की म्हातारा माणूस आहे, फक्त समज द्या. "देतो ना," बाबनराव म्हणाले. "चांगली समज देतो."

संध्याकाळी कचेरीतून परतताना चौकीवरून हाक आली. बाबनराव हातातली छडी मांडीवर आपटत, हसत दारातच उभे होते.

"मुबारक हो बडेबाबू! कबूल केलं. सफारी तं केलाच, टाकीजच्या स्टँडवरच्या सायकली बी कबूल केल्या, देवळाची घंटा कबूल केली, पाण्याची मोटर कबूल केली. माह्या नोकरीत असा आरोपी पाह्यला नाही. विचारलं का हो म्हणते!"

"विचारलं की हो म्हणत होते, तर मग मारलं कशाला?"

"कोण म्हणते मारलं? पयले दोन-चार लागतेच. रीत आहे ते."

धोंडबा आत बाकावर बसले होते. हात काखेत दाबून धरले होते. मला पाहून उठायला लागले. मी म्हणालो, "मामा, अहो सायकली? तुम्हाला सायकल चालवता येत नाही!"

"नाही येत जी," ते म्हणाले. "पण हवालदारसाहेब लई तापले होते. म्हटलं, हो म्हटलं तं निवतील." मग हळूच पुढे वाकून म्हणाले, "तुमचा राग गेला ना?"

माझं डोकं फिरलं. मी त्या टेबलावर मूठ आपटली. कचेरीत मी कारकुनांसमोर मूठ आपटतो तेव्हा टाचण्या उडतात. इथे काहीच उडालं नाही. मी म्हणालो, मी तक्रार मागे घेतो, आत्ताच्या आत्ता या माणसाला सोडा.

बाबनरावांनी मान डोलावली. "तुमचा सफारी तुम्ही मागे घ्या. पण सायकली कशा मागे घेता? सायकली तुमच्या नाहीत."

सरकारी कामात अशी वाक्यं बोलण्यात माझा स्वतःचा हात धरणारं कचेरीत कोणी नाही. पण समोरच्याने बोलून दाखवेपर्यंत ती ऐकायला कशी लागतात ते मला माहीत नव्हतं.

घरी आलो तर रुख्माबाई आमच्या पायरीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. पुष्पलता आत विळीवर वांगी चिरत होती. मी चपला भिरकावल्या आणि ओरडलो, "मला एकदा कळू दे तो सफारी कोणी दिला, त्याची मी..."

"मी दिला," ती म्हणाली.

विळी थांबली नाही. दिवा चालू होता. कसलंही संगीत झालं नाही.

"मी दिला, मी शिवून घातला, पाटी मीच लिवली. गल्लीतल्या आम्ही साऱ्या बाया होतो. धोंडबामामानं फक्त बांबू दिले. त्या दिवशी तुम्ही टॉर्च फिरवाले लागले अन् माह्यावर आला असता, म्हणून तो म्हातारा उभा झाला."

"काहून?" मी म्हणालो. माझ्या तोंडून एवढंच निघालं, आणि तेही माझ्या आईच्या बोलीत.

"काहून? गूळ संपला का टॉर्च, दूध नासलं का टॉर्च! लेकरू झोपेत बी 'मी नाही खाल्लं' म्हणते. माणसाच्या घरात राहून राहिलो का चौकीत? सांगून पाह्यलं तं तुम्ही म्हणता, उलट उत्तर देणं हाच पुरावा. मंग म्हटलं, मारबतीलेच सांगावं." तिने वांग्याची फोड पाण्यात टाकली. "माह्यावर काय तापाचं ते मंग तापा. आधी त्याले सोडवून आणा. मामा उद्या घरी नाही आला तं मी बी या घरात नाही."

इतके दिवस मी ज्या कबुलीसाठी जिवाचं रान केलं होतं ती अशी पदरात पडली, आणि तिचं काय करावं ते मला समजेना. मला संताप आला होता, पण तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. मी तसाच चंपतरावांकडे गेलो.

चंपतरावांना इतकं आनंदी मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, जाड पुस्तक काढलं.

"पयली गोष्ट. पोलिसाजवळ दिलेली कबुली कोर्टात शून्य. पुरावा कायदा, कलम पंचवीस. इंग्रजाले बी आपल्या पोलिसाचा भरोसा नव्हता."

"म्हणजे सुटले!" मी उठलो.

"बसा. बाबनरावाले हे माहीत नाही का? म्हणूनच तो उद्या त्याले मॅजिस्ट्रेटसमोर घेऊन जाईन. तिथं दिलेली कबुली चालते. तिथं म्हातारा हो म्हटला का जेल. दुसरी गोष्ट. खाजगी माणसासमोर दिलेली कबुली बी चालते. टॉर्च लावून कोणी घेतली होती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साक्षीदार तुम्हीच आहा."

"पण खरं तर हिने केलं! आत्ता तिने मला स्वतः सांगितलं!"

"कलम एकशे बावीस," चंपतरावांनी पुस्तकावर थाप मारली. "बायकोनं नवऱ्याजवळ जे सांगितलं, ते तिच्या मर्जीशिवाय नवऱ्याले कोर्टात बोलता येत नाही."

म्हणजे हिशेब असा झाला. मारून घेतलेली खोटी कबुली एक पायरी चढली की खरी होणार. माझ्या बैठकीत शिष्टाचार म्हणून दिलेली कबुली पुरावा. आणि वांगी चिरताना दिलेली, अक्षरन् अक्षर खरी असलेली एकुलती एक कबुली मी उच्चारायचीसुद्धा नाही. टीव्हीवर हे का दाखवत नाहीत? आमच्या बैठकीत गच्च भरलेली माणसं हे पाहायला आली नसती का?

पुष्पलतेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माही मर्जी आहे. चला." पदर खोचून ती सरळ चौकीत गेली आणि बाबनरावांपुढे उभी राहिली. "सफारी मी दिला. चोरी झालीच नाही. माहं लिवून घ्या."

बाबनरावांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा त्रास दिसला. "बाई, या केसमधी कबुली घेऊन झाली. आता दुसरी कुठं घालू? कागद पुरा झाला आहे."

"अवो पण खरी कबुली माही आहे!"

"असंन. पण ते उशिरा आली."

ती त्यांच्याशी भांडली, मी भांडलो, शेवटी आमच्यावरच "सरकारी कामात अडथळा" हे कलम येऊ घातलं, तेव्हा चंपतरावांनी आम्हाला ओढून बाहेर काढलं. धोंडबांना भेटू देईनात, पण डबा देऊ दिला. तो घेऊन रुख्माबाई आत गेल्या. आम्ही त्यांना पढवलं होतं: उद्या साहेबांनी काहीही विचारलं तरी मामांनी नाही म्हणायचं. बाहेर आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"उद्या नाही म्हणजा."

"हो."

"हो नाही, नाही म्हणजा! काहीही इचारलं तरी!"

"हो, हो. म्हणतो ना."

रुख्माबाई बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहून नुसती मान हलवली. साऱ्या संसारात त्या माणसाने कोणाला नाही म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेलो. माझ्या कचेरीपासून कोर्ट हाकेच्या अंतरावर आहे आणि मी तिथे कधी गेलो नव्हतो. मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते, काळा चष्मा वगैरे काही नव्हता, सर्दी मात्र झालेली होती. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की बाबनरावांना खोलीबाहेर घालवलं आणि लांब पाठवलं. मग दार लोटून घेतलं. खिडकी उघडी होती. व्हरांड्यात आम्ही उभे होतो, आणि आम्हाला कोणी हाकललं नाही.

"धोंडबा, मी पोलीस नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही काही कबूल करायलाच पाहिजे असं नाही. केलंत तर ते तुमच्याविरुद्ध जाईल. कळलं?"

"हो जी."

"नाही म्हणालात तरी मी तुम्हाला परत पोलिसांकडे पाठवणार नाही. विचार करायला वेळ घ्या."

त्यांनी खरंच वेळ दिला. धोंडबा बाकावर बसून पंख्याकडे पाहत राहिले. मी खिडकीशी उभा राहून मनातल्या मनात नाही म्हण, नाही म्हण असा जप करत होतो. पुष्पलतेने माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे काही दिवस त्यावर वळ होता.

"आता सांगा. स्वतःच्या मर्जीने बोलता आहात?"

"हो जी."

"कोणी धमकावलं?"

"हो जी."

साहेबांनी पेन उचललं ते तसंच धरलं. "म्हणजे मर्जीने नाही?"

"हो जी."

"सायकली तुम्ही नेल्या?"

"हो जी."

"देवळातली घंटा?"

"हो जी." खिडकीबाहेर चंपतरावांनी डोकं धरलं. रुख्माबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. एका सफारीपायी मी हा माणूस जेलात घातला.

साहेबांनी नाक पुसलं. मग समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे घड्याळ होतं, चांगलं टकटक चालू होतं.

"धोंडबा, या भिंतीवरचं हे घड्याळ चोरीला गेलं आहे. तेही तुम्हीच नेलं का?"

धोंडबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा आवाज जरा चढला होता, आणि आवाज चढला की काय करायचं ते धोंडबांना ठाऊक होतं. त्यांनी टोपी काढली, हात जोडले.

"नेलं जी. चूक माही झाली. राग सोडून द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हात दाखवा," ते म्हणाले. धोंडबांनी हात पुढे केले. ते हात मी खिडकीतून पाहिले. मागावर धोटा फेकणारी, तुटलेला धागा नजर न लावता जोडणारी ती बोटं सुजून गाजरासारखी झाली होती, आणि दोन तर वाकतच नव्हती. साहेबांनी ते लिहून घेतलं. कबुली मर्जीची नाही, नोंदवता येत नाही, असा शेरा मारला, पोलिसांच्या ताब्यात परत द्यायला नकार दिला आणि डॉक्टरांना दाखवायचा हुकूम केला. जामिनाला मी उभा राहिलो. पुढे ती केस कागदातच वाळून गेली. चालती घड्याळं चोरणाऱ्या आरोपीवर सायकलींचा खटला कोण चालवणार?

बाबनरावांचं काही झालं नाही. मी अर्ज केले, चंपतरावांनी मसुदे केले, वरून एकच उत्तर येत राहिलं, की मारहाण झाल्याचं संबंधित हवालदारांनी नाकारलं आहे. त्यांनी कबूल केलं नाही, म्हणून झालं नाही! त्यांना कोणी अंधाऱ्या खोलीत बसवलं नाही, त्यांच्यावर कोणी झोत मारला नाही. तो कागद हातात घेऊन मी कचेरीत असा ओरडलो की शेजारच्या खात्यातली माणसं पाहायला आली. तो राग अजून आहे आणि मी तो सोडणार नाही.

पण मी सांगत होतो त्या दिवसाचं. कोर्टाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा सांगितला. धोंडबांना कप धरता येईना. पुष्पलतेने चहा बशीत ओतला आणि ती बशी त्यांच्या ओठांना लावून उभी राहिली. रुख्माबाई त्यांच्या टोपीवरची धूळ झटकत होत्या. मी समोर उभा होतो आणि माझ्या हातातला चहा निवत होता. बाबनराव आमच्या समोरून सायकलीवर टांग मारून शीळ घालत निघून गेले.

धोंडबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. बशी संपली तशी त्यांनी मान वर केली.

"भाऊ, आता तं राग गेला ना?"

खोटं बोलायला हवं होतं. एक हो म्हणायला हवा होता. पण माझी नजर त्या बोटांवरून हलत नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "नाही गेला."

त्यांचा चेहरा एकदम पडला. ते टपरीच्या बाकावरून कसेबसे उठले, ती सुजलेली बोटं एकमेकांना लावायचा प्रयत्न करत माझ्यासमोर उभे राहिले.

"मंग सांगा ना, भाऊ," ते म्हणाले, "आणखी काय कबूल करू?"